एक नंबर, एक माणूस

तिघांच्या ऑफिसात किस्से साठायला वेळ लागत नाही, एकाने दोघांचं ऐकायचं नाही ठरवलं की पुरे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या खोलीत न ऐकणारी मीच, त्यामुळे किस्सेही बहुतेक माझेच.

सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आम्ही प्रश्नमंजुषेचं ॲप करत होतो. शबाना स्क्रीनचं बघायची, माणचा धनाजी प्रश्न काढायचा, डेटाबेस माझा. कुणाचे मार्क कुठल्या टेबलात राहतील ते मी ठरवायची. वय अडुसष्ट, शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं माझं मी शिकलेय. हे मी नव्या माणसाला चहाआधी सांगते.

*

शबानाने विचारलं, "आक्का, प्रश्न आणि पर्याय वेगळ्या टेबलांत कशाला?"

"तू मीठ-साखर एका डब्यात ठेवतेस?"

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. टेबलं मात्र वेगळी झाली.

*

मेंढरं कुठल्या महिन्यात कातरतात, असा धनाजीचा प्रश्न. चारांतले दोन पर्याय बरोबर.

"आवं आक्का, वर्सातनं दोनदा कातरत्यात."

"माझ्या टेबलात बरोबर उत्तराला जागा एकच आहे."

"बरं. मेंढरास्नी कळवतो."

प्रश्न मी काढून टाकला. तेव्हा हसलेही होते.

*

विद्यार्थी ओळखायचा फोन नंबरावरून, हेही माझंच. एक नंबर, एक माणूस. नवे मार्क आले की जुन्यांच्या जागी बसायचे.

धनाजी म्हणाला, "आमच्याकडं घरात फोन एकच असतोय. बाप मुंबईला, त्येचा त्येच्यापाशी. ऱ्हायलेला समद्यांचा."

"मग ज्याने त्याने आपापला नंबर घ्यावा."

एका नंबराखाली चार माणसं बसवणं माझं एका दुपारचं काम होतं. ती दुपार मी त्याला गप्प करण्यात घालवली.

*

ॲपवरच्या पहिल्या दहांना सांगलीत मोफत क्लास मिळणार होता. धनाजीच्या गावच्या सारिकाला शंभरात चौऱ्याण्णव. यादी निघाली तर तिचं नाव नाही. तिच्या नंबरापुढे एकेचाळीस.

धनाजीने गावाकडे फोन लावला आणि खाली ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तिच्या आईनं त्याच फोनवर पेपर सोडवला, आक्का. पोरीचं बघून तिलाबी वाटलं, आपुनबी करावं."

"डेटाबेसची आदल्या दिवसाची कॉपी असेल ना?" शबानाने विचारलं.

ती कॉपी मी महिन्यातून एकदाच काढून ठेवायची. क्लासवाले म्हणाले, यादीत आहे ते खरं, आणि दहाही जागा भरल्या.

*

मी एसटीने दहिवडी गाठली, तिथून पुढे धनाजीच्या गावी गेले. सारिका मेंढरांमागे गेली होती. आई दारातच उभी होती, पदराने हात पुसत. फोन आत फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेला.

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. "टेबल मी तसं केलं. धनाजी सांगत होता, मी ऐकलं नाही." इतकं सरळ मी आजवर कुणाला बोललेली नाही.

तिने ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग अगदी हळू म्हणाली, "आवं आक्का, माजं एकेचाळीस पुसून टाका की. त्येच्या खाली तिचं असत्याल."