गंगेत सोडलेली फाईल

माझ्या छातीवर तीन निळे ठिपके आहेत. सोळाव्या वर्षी मानेत गाठ आली, छातीपर्यंत पोचलेला कॅन्सर निघाला, तेव्हा हैदराबादच्या दवाखान्यात किरणं द्यायला खूण म्हणून केलेले. लग्नात आईनं सासरी सांगितलं, माहूरच्या जत्रेत हौसेनं गोंदून घेतलंय पोरीनं. सासूबाईंना पटलं. पुढं मलाही त्या खोट्याची इतकी सवय झाली की तीस वर्षं मी त्या आजाराचं नाव काढलं नाही.

यंदा उजव्या स्तनात गाठ लागली, तीही कॅन्सरचीच निघाली. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले आणि गोंदणाची गोष्ट तिथंच संपली.

"लहानपणी छातीला रेडिएशन घेतलंय ना? मग धोका राहतोच. दरवर्षी तपासणी का नाही केली?"

मला काय माहीत!

"जुनी फाईल आणा. किती डोस, कुठवर दिला, ते कळलं तर स्तन वाचवायचा विचार तरी करता येईल. नाहीतर पूर्ण काढावा लागेल."

हैदराबादला विचारलं. इतके जुने कागद त्यांच्याकडे नव्हते. मग नांदेडला दादाकडे गेले. वडील गेल्यावर घरातला कर्ता तोच, तेव्हा मला दवाखान्यात नेणाराही तोच. चहा पुढ्यात ठेवून म्हणाला, "ती फाईल? ती तर गंगेत सोडली की."

मी बरी झाल्यावर माहूरला रेणुकामातेची ओटी भरली, आणि परत आल्या आल्या त्यानं घाटावर जाऊन नारळासोबत फाईल गोदावरीत सोडली होती. रोग पाण्याबरोबर जावा म्हणून, आणि कुणा पाहुण्याच्या हाती लागू नये म्हणूनही.

"आत काय लिहिलं होतं?"

"लई होतं. फाईल जपा, दरसाल दाखवा, पुढं दुसरी गाठ होऊ शकती. डॉक्टर बोलले होते मला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"लगीन व्हायचं होतं तुझं. सांगितलं असतं तर कुणी केली असती तुला? आता कशाला जुनं उकरून राहिलीस?"

किरणांवर माझा राग नाही. त्यांनी मला जगवलं. राग ह्या माणसावर आहे. त्यानं माझ्या जिवापेक्षा माझी सोयरीक जपली, आणि वर उपकाराची भाषा करतो. चहा तसाच टाकून मी उठले.

स्तन काढायचं ठरलं. त्याच आठवड्यात रेणापूरचे पाहुणे माझ्या मुलीला पाहायला यायचे होते. दादा आदल्या दिवशीच हजर. "ऑपरेशनचा चकार शब्द काढू नको. लोक म्हणतील रक्तातच हाय. आन् ही नवी फाईल दे माझ्याकडं."

रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, घराण्यातून आल्याची खूण नाही, जुन्या किरणांमुळेच असावं. पण दादाला वाचायचं कुठं होतं? मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लपवून लग्न नको, आई."

पाहुणे आले, पोहे झाले. मी फाईल आणून मुलाच्या आईपुढं ठेवली. ती उचलायला दादाचा हात पुढं आला.

"हात लावू नको," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "त्या जुन्या फाईलसंगं गंगेत मलाच सोडून आला होतास तू."