ह्यांच्या वाटणीच्या गोळ्या

नवऱ्याच्या गोळ्या मी खाल्ल्या. एखाददुसरी नव्हे, अख्खी पुडी. आणि बरं का, चांगला विचार करून खाल्ल्या. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे मुंबईला लाँचीवर खलाशी. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. बाकीचे महिने मी मांडवीच्या वाळूवर सुकट वाळत घालायची, कावळे हाकलायची आणि पाण्याकडे बघायची. मूल काही राहत नव्हतं. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून जायचं. शेवटी दात दुखतो असं सासूबाईंना सांगून सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दोन पुड्या पुढ्यात ठेवल्या.

"एक तुझी, एक नवऱ्याची. हा आजार एकाचा दुसऱ्याला होतो. तू एकटीने औषध घेऊन भागायचं नाही. मूल हवंय ना?"

हवंय ना! शेजारणीकडे बारसं असलं की पाळण्याची दोरी माझ्या हातून सुटत नसे, इतकं हवं होतं.

पण ह्यांना सांगायचं कसं? असला आजार म्हटलं की तो आला कुठून, हे आलंच. तेवढं मला विचारायचं नव्हतं. मग माझं डोकं चाललं. वटपौर्णिमेला उपाशी मी राहते, आयुष्य ह्यांचं वाढतं. सोमवार मी धरते, लाँच ह्यांची सुखरूप धक्क्याला लागते. मग गोळ्याच तेवढ्या का पोचू नयेत? सकाळी माझी गोळी गिळायची, आणि मग मुंबईच्या दिशेला तोंड करून, मनात ह्यांचं नाव घेऊन, दुसरी.

तिसऱ्या दिवसापासून ओकाऱ्या सुरू. भात नको, मासा नको. सासूबाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला तोंड उघडवेना. न मागता ताटात कैरी आली. "खा गो, लाजतेस कसली!" म्हणाल्या, आणि दुपारी पोस्टमनकडून ह्यांना कार्ड लिहून घेतलं.

पुडी संपली, ओकाऱ्याही संपल्या. पुढच्या आठवड्यात मी बाहेर बसले. सासूबाईंनी उरलेल्या कैऱ्या चिरून, मीठ लावून उन्हात टाकल्या. टाकलेलं कार्ड काही परत घेता येत नाही.

हे गणपतीची वाट न बघताच बोटीने आले. पिशवीतून टोपडं काढलं. पिवळं, लोकरीचं, कानांवर गोंडे. "कोकणात लोकर कशाला, म्हणून दुकानदार हसला गो मला," असं म्हणत माझ्या हातावर ठेवलं.

मागच्या परड्यात नेऊन सगळं सांगितलं. 'मुंबईकडे तोंड करून' एवढं ऐकल्यावर ह्यांना हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं. मग टोपडं परत घेऊन कितीतरी वेळ गोंडा पिळत बसले.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी मला झापलं, "उपासाचं पुण्य जात असेल बाई नवऱ्याला, औषध जात नाही!" पुन्हा दोन पुड्या. आणि गोळ्या संपेपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं. वर्षाचे दहा महिने लांब राहणाऱ्यांना वर ही आणखी शिक्षा!

परवा आरोग्यकेंद्राची आशाताई आमच्या ओटीवर चहा पीत पोटुशा नातसुनेला सांगत होती. असले आजार देशभरातून कमी करायचे असं सरकारने ठरवलंय, आईकडून एकाही बाळाला जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करायची, आणि नवऱ्यालाही आणायचं. मी हसले. म्हटलं, सरकारला बरं सुचलं, मला नव्हतं सुचलं. नातू काही न कुरकुरता गेला. मीही गेले, उगाच. दोघं बाकावर टेकून बसली होती, दंडाच्या घडीत कापसाचा बोळा दाबून, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. माझ्या बाकावर शेजारची जागा रिकामी होती. हे जाऊन आता आठ वर्षं झाली. त्या जागेवर मी पिशवी ठेवली, आणि मग उचलून मांडीवर घेतली.

ह्यांनी आणलेलं ते टोपडं तेव्हा पुढच्याच थंडीत आमच्या मुलाच्या डोक्यावर चढलं. कसर लागलीय, एक गोंडा गळलाय, तरी पतवंडासाठी धुऊन ठेवलंय.

त्या दुसऱ्या पुड्या घेतल्या त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही वाळूतून परतलो. हे चार पावलं पुढे, सदऱ्याच्या खिशात स्वतःची पुडी, वर हात दाबलेला. मध्येच थांबले. मागे न बघता म्हणाले,

"चूक माझी होती गो. तुला कळलं होतं, तरी विचारलं नाहीस. ह्यापुढे माझ्यावर ओरड, चार माणसांत ओरड. पण माझ्या वाटणीचं कडू तू खाऊ नको."