आषाढात सोडलेली बोट

मी भर आषाढात बोट समुद्रात सोडली. कथेतच, पण सोडली. आणि मी रत्नागिरीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो.

ते दिवस मराठी ब्लॉगच्या नवलाईचे, दोन हजार सातच्या सुमाराचे. मी एका तांडेलाची, म्हणजे मच्छीमार बोटीवरच्या मुख्य माणसाची, क्रमशः कथा लिहायला घेतली होती. दर रविवारी एक भाग. समुद्राशी माझा संबंध म्हणाल तर मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खाण्यापुरता. होडीत पाय ठेवला की मी लगेच उतरतो. पण स्टाफरूममध्ये मी सांगून बसलो होतो की माझे वाचक पार परदेशातसुद्धा आहेत. प्रत्यक्षात पानाच्या तळाशी भेटींचा आकडा तेवीस होता.

"अहो, त्यातले वीस तुम्हीच," बायको म्हणाली. "दर पाच मिनिटांनी उघडून बघता. उरलेले तीन मी, तेही चुकून."

आणि मग सहाव्या भागाखाली पहिली प्रतिक्रिया आली, थेट कुवेतहून. लिहिणारा आमच्याच रत्नागिरीतल्या राजिवडा बंदराचा, तिकडे नोकरीला. "सर, आषाढात बोट कुठे नेलीत? नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. तुमच्या तांडेलाला घरचे काही बोलत नाहीत का?"

मी शरमेने पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आकडा दोनशेच्या वर! त्या गृहस्थाने दुवा सगळ्या दोस्तांना पाठवला होता. दोहा, मस्कत, दुबई, जिथे म्हणून रत्नागिरीचा माणूस होता तिथून लोक माझी बोट बघायला येत होते. सातव्या भागात तांडेलाने गळ टाकून पापलेट पकडलं, तेव्हा तर जत्राच भरली. "पापलेट जाळ्यात येतं हो सर!" "गळाला काय लावलं होतंत, बटाटावडा?" माणसं एकमेकांना गावं विचारू लागली, नाती निघू लागली, आणि रविवारी भाग यायला उशीर झाला तर मलाच दटावू लागली. मी हवेत.

पण हवेत असलेल्या माणसाला अब्रूचीही काळजी वाटते. कुवेतवाल्याने लिहिलं होतं, "माझे वडील तांडेल होते. राजिवड्यात घरी असतात. त्यांना विचारून लिहा." मी गेलो. त्याचे वडील, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ओटीवर जाळं विणत बसले होते. मी भाग वाचून दाखवायचा, ते ऐकायचे, आणि दर चार ओळींनी सुई थांबवून म्हणायचे, "खोड."

मी खोडायचो. चार भाग असे बिनचूक गेले. वारा योग्य दिशेने, मासा योग्य जाळ्यात. आणि प्रतिक्रिया? पहिल्या भागाला दहा, मग चार, मग दोन. चौथ्याला एकच, कुवेतहून: "छान."

मराठीत 'छान'च्या पुढे काही नसलं की समजावं, वाचणारा उठून गेला. स्टाफरूममध्ये परवाच मी दोह्याच्या वाचकांबद्दल भाषण केलं होतं. आता आकड्यात पुन्हा मी आणि बायको उरणार, तीही चुकून.

म्हणून मी चाचांना न विचारता शहाणपणा केला. पुढच्या भागात रत्नागिरीच्या समुद्रातून सूर्य उगवला. आता या म्हटलं सगळे!

आले. आणि चिडलेच. "सर, ही चूक मुद्दाम केलीत. आम्हाला येडे समजता?" मस्कतच्या एकाने तर दुखावल्या मनाने लिहिलं, "तुमच्या आधीच्या चुका मनापासूनच्या होत्या. ही तशी नाही."

मी पडेल चेहऱ्याने राजिवड्यात गेलो आणि चाचांना सगळं कबूल केलं. ते जाळं बाजूला ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी पुढचा भाग काढला, तर त्यांनी हात आडवा केला.

"मला नको दाखवू. घरी जा, मन लावून लिही. एक चूक राहू देऊ नको."

लिहिला. तीन संध्याकाळी बसून, भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून लिहिला. तांडेल दिवस मावळताना घरी परततो, ओटीवर आई उभी, पाणी ओसरतंय आणि बोट हळूहळू भाट्याच्या खाडीत शिरते. लिहून झाल्यावर मीच तो दोनदा मोठ्याने वाचला. बायको वाचून म्हणाली, "आता खरंच चांगलं जमलंय हो." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सोमवारी बघतो तर प्रतिक्रियांचा पूर. "सर, भर ओहोटीत? खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, बोट रुतते!" "बोट आली की चालत आली?" आणि कुवेतवाला: "सर, परत आलात! आम्ही सगळे वाट बघत होतो."

मी शाळा सुटल्या सुटल्या राजिवडा गाठला. "चाचा, सगळे परत आले! पण देवाशपथ सांगतो, या खेपेला मी एकही चूक केली नव्हती."

चाचांनी सुईत दोरा भरला.

"म्हणून तर मन लावून लिही म्हटलं, मास्तर. तू मन लावलंस की हमखास चुकतोस."