एका जागी थांबलेलं गाणं

बिबट्या गाण्याला भितो, हे आमच्या शिवारात पहिल्यांदा कोण बोललं ते आता कुणालाच आठवत नाही. वनखात्याची माणसं गावात आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, की शेतात एकटं जाऊ नका, वाकून काम करताना मोठ्यानं बोलत राहा, मोबाईलवर गाणी लावा. आम्ही त्यातलं बोलणं सोडलं आणि गाणी धरली. दिवसभर बोलायचं म्हटलं तर सासू-सुनेत भांडणाशिवाय दुसरं काय निघणार होतं?

उमापूरकडच्या आमच्या बाजूला दिवाळीच्या आसपास कापूस फुटून रान पांढरं होतं आणि त्याच सुमाराला शेजारचा ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो. त्या वर्षी त्या उसात बिबट्या होता. आधी दोन कुत्री गेली, मग एका गोठ्यातलं वासरू गेलं, आणि मग पलीकडच्या वस्तीवर गवत कापणाऱ्या एका बाईवर त्यानं झडप घातली. बाई वाचली, पण तिला टाके किती पडले हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं वाढवत नेलं. दुसऱ्या दिवसापासून वेचायला बायका मिळेनाशा झाल्या. बोंडांतून कापूस लोंबायला लागला. नवरा कामासाठी बाहेरगावी. घरात वेचणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. तोंडानं तिखट, पण आतून पार भित्री. पाल दिसली तरी मी स्वयंपाकघर सोडते. माहेरी आई म्हणायची की हिचं सगळं बळ जिभेत गेलंय, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बिबट्या येण्याआधी आमच्या घरात गाणं ही विसाव्याची गोष्ट होती. भाकरी थापताना मी मोबाईलवर जुनी सिनेमातली गाणी लावायची. तेवढा अर्धा तास माझा असायचा. आत्याबाईंकडं नारायणगडाच्या जत्रेतून आणलेली, बॅटरीवर वाजणारी लाल डबी होती, मुठीपेक्षा थोडी मोठी, आत अभंग भरलेले. गुडघा दुखला, डोकं चढलं, माझ्याशी खटका उडाला, की त्या पोत्यावर आडव्या व्हायच्या आणि डबी उशाशी लावायच्या. दोन अभंग होईपर्यंत कपाळावरच्या आठ्या जायच्या. तिसऱ्याला घोरायला लागायच्या. डबी बंद करायला गेलं की लगेच डोळे उघडून, ‘आसू दी, आयकतीय मी.’

आता तीच गाणी काठीसारखी हातात धरायची वेळ आली. सकाळी बांधावर उभं राहिलं की चारी बाजूंनी आवाज यायचे. एकीकडं लग्नातली नाचाची गाणी, एकीकडं कव्वाली, ओढ्यापलीकडं कुणा महाराजांचं कीर्तन, आणि ते महाराज त्या एवढ्या कापसात वाकलेल्या दोन म्हाताऱ्यांना दारू सोडा म्हणून झापत असायचे. ऐकून हसू यायचं, पण ते तोंडापर्यंत यायचं नाही. गाणं ऐकून बरं वाटणं केव्हाच गेलं होतं. दोन गाण्यांच्या मधे जो गप्पपणा यायचा, त्यात माझे कान उसाकडं लागायचे. वेचता वेचता हात थांबायचा, आणि पुढचं गाणं सुरू झालं की मग हलायचा.

मामांना हे बिलकूल पटत नव्हतं. त्यांचा सगळा जन्म शेळ्यांमागं गेलेला. ‘रानात कान उघडं पायजेत,’ ते म्हणायचे. ‘शेळीचा कान फिरला की मला कळतंय, कोण आलंय. तुमी गानं लावून बसलाव तर तुमाला काय घंटा कळनार हाय?’ ते स्वतः गायरानात काहीच न लावता जायचे. पण मला शेळीचे कान वाचता येत नव्हते, आणि गप्प रानात पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

आम्ही दोघींनी आपसांत ठरवलं होतं. आत्याबाईंनी डबी लावायची, मी मोबाईल. दोन आवाज वेगळे, म्हणजे न बघताही एकीला दुसरीचा ठाव. कपाशी छातीच्या वर गेलेली. वाकलेलं माणूस हातभरावरून दिसत नाही. आत्याबाईंनी परकराच्या जुन्या नाडीनं डबी गळ्यात अडकवली होती. त्या चालल्या की अभंग चालायचा. आणि त्यांचा हात असा, की माझी अर्धी ओळ होईतो त्यांची एक पुरी व्हायची. गाणं सारखं सरकत असायचं, कधी पुढं, कधी वळून माझ्याकडं. गाणं चालू आहे म्हणजे माणूस आहे, असा आमचा हिशेब.

त्या दिवशी दुपारची भाकरी खाऊन आम्ही पुन्हा लागलो. आत्याबाई उसाच्या बाजूला, मी सडकेच्या बाजूला. खरं तर उसाकडची बाजू माझ्या वाट्याला आली होती. मी म्हणाले, तिकडं ऊन डोळ्यावर येतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या तिकडं गेल्या.

कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरली तेव्हा मी ती रिकामी करायला बांधावर आले. माझं गाणं संपलं होतं, पुढचं लागायचं होतं. त्या फटीत मला डबी ऐकू आली. उसाच्या कडेला. मी परत जाऊन वेचायला लागले. ओटी अर्धी झाली, पुन्हा एक गाणं संपलं, पुन्हा डबी ऐकू आली. तिथंच. मी मान वर करून पाहिलं. वरून नुसती पांढरी कपाशी, आणि त्यामागं ऊस. अभंग हलत नव्हता. पखवाज वाजत होता, टाळ वाजत होते, आणि सगळं एका जागेवरून येत होतं.

मी मोबाईलचा आवाज कमी केला. ‘आत्याबाई!’

ओ आली नाही.

बसल्या असतील आडोशाला, मी मनात म्हणाले. तंबाखू मळत असतील. ऐकू गेलं नसेल. ‘आत्याबाई, ओ आत्याबाई!’ अभंग संपला. आता बोलतील म्हणून मी श्वास धरून थांबले. दुसरा अभंग सुरू झाला. त्याच जागी.

पाच हाका मारल्या मी. पाचवी तर हाक नव्हतीच, नुसता घोगरा आवाज निघाला. आमच्यामधे साठ-सत्तर पावलांचं अंतर असेल. साठ-सत्तर पावलं मी रोज पाण्याच्या हंड्यासाठी जाते. पण त्या वेळी मी एक पाऊलही उचललं नाही. डोळ्यांसमोर ती डबी दिसत होती, लाल, गळ्यात अडकवलेली, वाजत असलेली, आणि त्यापलीकडचं काही बघायची माझी तयारी नव्हती.

आणि मग मी जे केलं ते आजवर गावात कुणाला सांगितलेलं नाही. मी मोबाईलचा आवाज होता तेवढा सगळा मोठा केला, पाठ न दाखवता मागं मागं सरकत बांधावर आले, आणि बांधावरून पळत सुटले ते थेट सडकेवर. बिबट्या मागं लागू नये म्हणून गाणं मोठं केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तो अभंग ऐकू यायला नको होता.

सडकेवर कुणी नव्हतं. मामांना फोन लावायचा हे सुचलं होतं, नाही असं नाही. पण फोन लावला की गाणं थांबतं. मी बटणावर अंगठा ठेवायची आणि काढायची. गाणं थांबलं तर मी त्या सडकेवर नुसत्या वाऱ्यात उभी राहणार होते, आणि ते मला जमेना. माझी सासू त्या कपाशीत कशी आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी एक गाणं बंद करायला भीत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं. किती मिनिटं गेली ते सांगता येणार नाही, गाणी सांगता येतील. चार. एरवी भाकरी थापताना मी गुणगुणायची तीच.

चौथं संपलं आणि लांबून, अगदी बारीक, डबी ऐकू आली. अजून तिथंच. तेव्हा मी फोन लावला. ‘मामा,’ एवढंच बोलले. पुढं नुसतं रडणं. पण ते जवळच्याच गायरानात होते, आणि माझ्या रडण्यावरूनच त्यांना समजलं.

मामा आले ते शेजारच्या रानातल्या तिघांना घेऊनच. कुणाकडं काठी, कुणाकडं कुऱ्हाड, एकानं जेवणाची थाळी आणलेली, ती दगडानं बडवत. ओरडत, शिव्या देत चौघं कपाशीत शिरले. मी त्यांच्या मागं होते, बरीच मागं. उसाची पानं एकदम खसखसली आणि तो आवाज आत आत गेला. मामा थांबले. ‘हितं हाय,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की मी डोळे मिटून घेतले.

आत्याबाई दोन ओळींच्या मधे उकिडव्या बसलेल्या होत्या. जिवंत. ओटी भरलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर उसाच्या बांधावर लागलेली. डबी गळ्यात वाजत होती. बांधापासून त्या बसल्या होत्या तिथवर चार-पाच हातांचं अंतर. उसाला पाणी दिलेलं होतं, ओल्या मातीत बिबट्याचे पंजे उमटले होते, आणि तो बसला होता तिथलं गवत दबलेलं होतं. त्या वाकून वेचत असताना तो बांधावर येऊन बसला होता, आणि त्यांनी मान उचलली तेव्हा दोघांची नजरानजर झाली. त्या होत्या तशाच खाली बसल्या आणि हलल्या नाहीत. तोही हलला नाही.

त्यांना उठता येईना. पायांना मुंग्या येऊन पाय लाकूड झाले होते. मामांनी आणि एकानं काखेत धरून त्यांना उभं केलं. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते डबीबद्दल. ‘बंद करा ते,’ त्या म्हणाल्या.

घरी माणसं जमली. चहा झाला, पुन्हा झाला. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘पोरगी हाका मारू लागलती म्हनं. ओ कावून दिली न्हाईस?’

‘आयकू येत हुतं की,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘पाच येळा हाक मारली तिनं. ओ दिली आसती तर ही पळत आली आसती माज्याकडं. त्येच्या तोंडातच आली आसती.’

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, अशी सून मिळायला नशीब लागतं. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले. चुलीसमोर बसून त्याच बशा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. भीती वाटत होती, पण बिबट्याची नव्हती. आता कुणीतरी विचारणार, मग तू का नाही गेलीस? कुणीच विचारलं नाही. सगळे मला चांगली समजून दिवेलागणीच्या आत उठून गेले.

माणसं गेल्यावर मी कोमट तेल घेऊन आत्याबाईंचे पाय चोळायला बसले. पोटऱ्या अजून दगडासारख्या होत्या. खाली बघतच मी म्हणाले, ‘आत्याबाई, मी येत नव्हते. मी पळून गेलते.’

‘ठावं हाय मला.’

मी वर पाहिलं.

‘तुजं गानं लांब जाताना आयकू येत हुतं,’ त्या म्हणाल्या. ‘बांधावर गेलं, मंग सडकंला लागलं. तवा माजा जीव भांड्यात पडला. म्हनलं, गेली बया. मंग आमी दोगं, तो आन मी, बसलो येकामेकाकडं बघत. त्याचं भ्या न्हवतं येवढं. तुजं गानं परत जवळ यीतंय का, त्याच्याकडंच निस्ता कान. आन मंग ते बंदच पडलं.’ त्यांनी दुसरा पाय पुढं केला. ‘तवा मातर लई भ्याले, पोरी. आता कुन्या अंगानं यीतीस, कायी कळंना.’

मला रडू आलं, आणि रडायचीही लाज वाटली. त्यांचा पाय तसाच दोन्ही हातांत धरून मी बसून राहिले.

‘चोळ की,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘थांबलीस कावून?’