परकी भिंत

"खिळा नको, अदी. भिंत परकी आहे."

आमच्या शेजारच्या साईंचं हे पालुपद. अदी म्हणजे सिंधीत बहीण. आणि ते स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना 'साईं' म्हणायचे, म्हणून अख्ख्या बिल्डिंगने त्यांनाच साईं करून टाकलं. उल्हासनगरात जीन्सचं कटिंग करणारे तुम्ही ढीगभर पाहिले असतील. भिंतीला घाबरणारा मी हा एकच पाहिला.

त्यांच्या घरात कॅलेंडर खिडकीच्या ग्रिलला बांधलेलं, घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं, झुलेलालची तसबीर स्टुलावर. कुंकू लावायचं तर वहिनी आरसा मांडीत घेऊन बसायच्या. मी चिडवायची, साईं, तुमचे देवसुद्धा भाडेकरूच! ते हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत.

साईं पाकिस्तानातून, सिंधमधून आलेले. इतकी वर्षं व्हिसावरच राहत होते. घर घेतलं खरं, पण परदेशी माणूस म्हणून स्वतःच्या नावावर घ्यायला धजले नाहीत, मेव्हण्याच्या नावावर घेतलं. तिकडून निघताना शेजाऱ्यांना हरिद्वारला चाललोय एवढंच सांगितलं होतं. म्हणून भिंतीवरचं काहीच उतरवलं नाही. घड्याळसुद्धा चालू ठेवून आले.

एकदा त्यांनी मला विचारलं, तुमचं वतन कुठलं? मी म्हटलं, सोनिवलीला होतं, आजोबांच्या वेळी गेलं. ते गंभीर झाले. म्हणजे तुम्हीही देश सोडून आलात? अहो नाही हो, आमच्यात वतन म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली जमीन! मला हसू आवरेना. ते म्हणाले, "एकच झालं, अदी. पायाखालून गेली ना?" मग मला हसता येईना.

शेवटी नागरिकत्व मिळालं. मेव्हणा सज्जन, त्यानेही लगेच घर नावावर करून दिलं. साईं पेढे घेऊन आले आणि माझ्याकडचा हातोडा घेऊन गेले. पहिला खिळा घड्याळासाठी. ठोकला तर ताटाएवढा गिलावा खाली आला. सवय नाही हाताला, म्हणून आम्ही सगळे त्यांनाच हसलो. जरा बाजूला दुसरा ठोकला, तो बसला. त्या घड्याळाखाली साईंनी तीन-चारदा फोटो काढून घेतले.

मेली ती भिंत तेव्हाच आम्हाला सांगत होती, बिल्डिंग पोखरलीय म्हणून. पावसाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळला. माणसं वाचली, पण बिल्डिंग धोकादायक ठरली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पुन्हा बांधायची म्हटलं तर खालची जमीन नक्की कुणाच्या नावावर, तेच कुणाला सांगता येईना. साईं मीटिंगमध्ये हळूच म्हणाले, "मी इथला झालो. जमीन अजून कुणाचीच नाही?" मला फार वाईट वाटलं.

सामान उतरवताना आम्ही पंखे, नळ, दारंसुद्धा काढून नेली. साईंनी फक्त झुलेलाल उचलले आणि टेम्पोत बसले. मी ओरडले, साईं, घड्याळ राहिलं!

"राहू दे, अदी. चालू आहे. लोकांना वाटेल, परत येणार."

आता ते बदलापूरला भाड्याने राहतात. तिथे देव पुन्हा स्टुलावर आहेत. मी इथे अंबरनाथ पश्चिमेला. मंडईला म्हणून उल्हासनगरात गेले की त्या खिडकीकडे मान वर होतेच. घड्याळातला सेल केव्हाच संपला असणार.