शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर जात नाही

मंडळी, आज सकाळी आईनं मला उंबऱ्यावर अडवलं आणि तिथंच माझं सगळं बिघडलं. इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरमधून लिहितोय, डोकं अजून तापलेलंच आहे.

खिशात कर्जाचा शेवटचा हप्ता होता. कॉलेज अर्धवट सोडून बाइक घेतली, त्या मूर्खपणाचं कर्ज. वसुधाचे वडील म्हणाले होते, “आधी कर्ज फेड, मग मुलगी माग.” उद्या त्यांच्यापुढं पावती ठेवणार होतो, कारण रविवारी तिला बघायला दुसरं स्थळ येतंय.

आई म्हणाली, “आज शुक्रवार! लक्ष्मी बाहेर घालवतोस? देवापुढं ठेव, उद्या दे.”

ठेवले, आणि गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात शिफ्टला गेलो.

संध्याकाळी आलो तर देवापुढं पैसे नाहीत, अंगठीची डबी! अक्काची लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावयानं दुपारी फोन करून अंगठी मागितली म्हणे.

“अप्पा, आज शुक्रवार ना?” मी वडिलांना विचारलं.

“सोनं आणलंय रे, लक्ष्मी घरातच आहे. तुझा सावकार थांबेल महिनाभर.”

“आणि वसुधा?”

अप्पा हसले. “कॉलेज पुरं झालं नाही तुझ्याच्यानं, आणि निघाला संसार करायला!”

तुम्ही सगळे मद्रासचेच. सांगा, तुमच्याकडेही शुक्रवार फक्त मुलालाच लागू असतो, जावयाला नाही?

आई मागून म्हणाली, “जेवून तरी जा.” मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावून घेतलं.