टाकीवर दोघी

वाघोलीला राहायला आल्यावर मी ब्लॉग लिहायला लागले. खडकीच्या क्वार्टर्समधलं माझं लहानपण, एवढाच विषय. बाबा कारखान्यात होते. शिफ्टचा भोंगा, डबा लटकवलेली बाबांची सायकल, दाराजवळचं सीताफळ, असलं काहीबाही लिहायचे. नाव घातलं नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी वाचावं असं वाटत नव्हतं, आणि तसंही कोणी वाचत नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मात्र पत्ता लागला. तिचं कामच वेबसाइट्सचं. "कोणी वाचत नाही म्हणता मॅडम, पण बघितलंय का कधी?" असं म्हणून तिने दहा मिनिटांत माझ्या ब्लॉगला अॅनालिटिक्स जोडून दिलं. लोक कुठल्या शहरातून येतात, कुठलं पान उघडतात, किती वेळ थांबतात, सगळं दिसायला लागलं. तिने एका तक्त्यावर बोट ठेवलं. ब्लॉगवरच्या शोधाच्या चौकटीत लोक जे टाइप करतात ते शब्द तिथे जमा होणार होते.

"हे सगळ्यात कामाचं. लोकांनी काय शोधलं आणि त्यांना काय मिळालं नाही. तेच लिहायचं. वाचक वाढतात."

आठवड्याने मी तो तक्ता उघडला. कोणी 'खारी' शोधलं होतं, कोणी 'गणपती'. त्याखाली 'पाण्याची टाकी'. रोज एकदा, दुपारी, पुण्यातून. आणि रोज उत्तर तेच : काही सापडलं नाही.

टाकीबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. पण आमच्या क्वार्टर्सच्या लाइनीच्या मागे लोखंडी टाकी होती खरी. वाचकाला हवंय तर द्यावं, म्हणून मी लिहिलं. मे महिन्याच्या दुपारी मी एकटीच शिडी लावून टाकीवर कशी चढले, लोखंड कसं चटके देत होतं, वॉचमनची शिट्टी ऐकून कशी धूम ठोकली. गमतीदार झाला होता लेख. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बघा, या पानावर लोक थांबतायत."

थांबत होतं एकच माणूस. दोन मिनिटांच्या लेखावर ते अर्धा अर्धा तास असायचं. तिसऱ्या दिवशी तक्त्यात नवे शब्द आले.

'टाकीवर दोघी'

मी ऑफिसात होते. समोर लख्ख ऊन, कॅन्टीनमधून पोह्यांचा वास येत होता, आणि माझे तळपाय भाजायला लागले. बुटांच्या आत. मी लॅपटॉप मिटला आणि जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"दादा, टाकीवर जी मुलगी अडकली होती, ती कोणाची रे?"

"शेवटच्या घरातली. तिचे वडील भंडाऱ्याकडून आले होते. नंतर परत तिकडेच बदली झाली." मग म्हणाला, "आज कशी आठवली?"

"सहज."

"दुपारभर वर होती बिचारी. भोंगा होऊन माणसं सुटली तेव्हा कोणाला तरी दिसली. पुढे सहा महिने बोलली नाही म्हणे. एकटी कशी चढली कोण जाणे."

एकटी नव्हती चढली. मी तिला चढवलं होतं. शिट्टी ऐकल्यावर मी आधी उतरले, घाईत शिडी आडवी झाली आणि मी पळाले. घरी आईने बळेच आडवं केलं. मला झोप लागली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. झोप लागली नव्हती. खिडकीतून तिची हाक येत होती. माझ्याच नावाची. मग ती थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

हे कोणालाच माहीत नव्हतं. दादाला नाही, आईला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्त्यात आलं :

'शिडी कुणी पाडली'

अॅनालिटिक्समध्ये माणूस दिसत नाही. शहर दिसतं, वेळ दिसते, शब्द दिसतात. कोण आहे हे विचारायची सोय नाही. वाघोलीच्या माझ्या दहाव्या मजल्यावरच्या घरात, सगळी दारं लावलेली असताना, कोणीतरी माझ्या खांद्यामागे उभं राहून वाचतंय असं वाटायचं. ब्लॉग बंद करून टाकावा असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा बोट त्या बटणापर्यंत गेलं. पण बंद केला तर ते माणूस कुठे शोधत बसेल, याची जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी मी जुना लेख खोडला आणि खरं काय झालं ते लिहिलं. हाकेसकट. दुपारी त्या पानावर कोणीतरी एक तास होतं. शेवटी दोन शोध :

'चपला घेऊन जा'

आणि शनिवार पेठेतल्या एका इमारतीचा पत्ता. तिसरा मजला, सकाळी ये.

चपलांचं मी कुठेच लिहिलं नव्हतं. चढताना काढल्या होत्या हे मलाही तेव्हाच आठवलं.

मी गेले. दार माझ्याच वयाच्या बाईने उघडलं. खांद्याला पर्स, हातात डबा, कामावर निघालेली. हनुवटीवरच्या तिळावरून मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही. "आईकडे आलात? बसा हं, मला उशीर झालाय," म्हणाली आणि खटखट जिना उतरून गेली. मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

आत तिची आई खुर्चीत बसली होती, मांडीवर टॅब्लेट. तिने मला बस म्हटलं नाही.

"तुझ्या बाबांच्या सायकलचं वाचलं आणि ओळखलं," ती म्हणाली. "तेव्हापासून रोज वाचून राहिले मी."

"पण तुम्ही मला लिहिलं कसं? त्या चौकटीत?"

"त्यावर लिहिलंय ना, 'काय शोधताय?' मग लिहिलं, काय शोधते ते."

तिने खुर्चीशेजारच्या स्टुलावरचं वर्तमानपत्राचं पुडकं माझ्याकडे सरकवलं. सोडायची गरज नव्हती, आकारावरून कळत होतं. पोरीला उतरवून घेतलं तेव्हा टाकीखाली चपलांचे दोन जोड होते, असं ती म्हणाली. दुसरा कोणाचा, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"मग विचारलं का नाही मावशी?"

"तुझी आई रात्रंदिवस माझ्या पोरीजवळ बसली होती. तिला काय विचारू?" ती खिडकीबाहेर बघत होती. "वाटलं, तूच येऊन सांगशील. मग बदली झाली."

"तिला आठवतं का काही?"

"काही नाही. उंचावर जात नाही, एवढंच. या तिसऱ्या मजल्यावर यायलासुद्धा कुरकुरली होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लेख राहू दे. पण तिला सांगायचं नाही. ते तू माझ्याजवळ सांगितलंस, झालं."

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. तिने चहा केला. साखर विसरली होती, मी तसाच प्यायले. निघाले तेव्हा ती भिंतीला धरत दारापर्यंत आली. जिन्यात दिवा नव्हता.

"सावकाश उतर," ती म्हणाली. "मी उभी आहे इथे."

मी पुडकं छातीशी धरून एकेक पायरी उतरले. खाली पोचून वर पाहिलं तर कठड्यावरून तिचा चेहरा तसाच खाली वाकलेला होता. हलत नव्हता.